ओट्यापासून अंगणातील खुर्चीपर्यंत : नाशिक परिसरातील घराबाहेरील बैठकीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सामाजिक इतिहासाच्या अभ्यासात घराची बांधणी, वाड्यांची रचना व मंदिरांचे स्थापत्य यांना महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. परंतु घराच्या उंबऱ्याबाहेर, उघड्यावर किंवा अर्ध्या छायेत माणसे कशावर बसत होती, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. आज अंगण, गच्ची किंवा बाल्कनीसाठी खुर्ची-टेबल निवडणे ही केवळ आवडीची व ऐपतीची बाब मानली जाते. वास्तविक या निवडीमागे हवामान, उपलब्ध लाकूड, कारागिरांचे कौशल्य आणि समाजातील उच्चनीचता या चार घटकांचा दीर्घ इतिहास उभा आहे. प्रस्तुत लेखात नाशिक शहर व जिल्ह्याच्या संदर्भात या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरी परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरात तो साधारण ७०० मिलिमीटरपर्यंत येतो आणि पूर्वेकडील येवला-नांदगाव भागात त्याहूनही कमी होतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तर निफाडची थंडी सर्वश्रुत आहे. एकाच जिल्ह्यातील या भिन्नतेमुळे घराबाहेरील बैठकीचे स्वरूपही एकसारखे राहिले नाही. घाटमाथ्यावर पडवी खोल ठेवून पावसाळ्यात तिला कुडाचा किंवा झापांचा आडोसा केला जाई. पूर्वेकडील कोरड्या भागात मात्र वर्षातील मोठा काळ मोकळे अंगण हीच बैठकीची जागा होती.

ओटा, ओसरी आणि बाज

जुन्या नाशिकमधील वाड्यांच्या बांधणीत बैठक ही घरात आणून ठेवण्याची वस्तू नव्हती. ती घराचाच भाग होती. काळ्या पाषाणाच्या जोत्यावर वाडा उभा राही आणि त्याच जोत्याचा रस्त्याकडील विस्तार म्हणजे ओटा. गोदावरीच्या काठावरील वस्तीत या रचनेला विशेष अर्थ होता. पुराची पातळी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजण्याची नाशिककरांची रीत आजही टिकून आहे. १९६९ व २००८ सालच्या महापुरांत नदीकाठची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा ठिकाणी दगडी ओटा वाहून जात नाही, कुजत नाही आणि पाणी ओसरल्यावर धुऊन लगेच वापरता येतो. उन्हाळ्याच्या सकाळी दगड थंड असतो. दुपारी तापला की माणसे आत ओसरीवर जातात आणि संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडून पुन्हा बाहेर येतात. बैठकीचे वेळापत्रक दगडाच्या गुणधर्मावरून ठरत होते.

ओसरीवर सतरंजी किंवा जाजम अंथरले जाई. संपन्न घरात लोड-तक्के आणि सागवानी झोपाळा असे. अंगणातील खरे फर्निचर म्हणजे बाज. चार पाय, चार दांडे आणि सुतळी, काथ्या किंवा नवार यांची वीण एवढ्यावर ती तयार होई. वजनाला हलकी असल्याने ती उन्हातून सावलीत सहज नेता येई, पाऊस आला की भिंतीला उभी करता येई आणि वीण सैल पडली की घरच्या घरी ताणता येई. रात्री तीवर झोपावे, उन्हाळ्यात तीवर धोतर किंवा लुगडे पसरून पापड-कुरडया वाळवाव्यात, पिकाच्या राखणीसाठी तीच शेतावर न्यावी, असा तिचा बहुविध उपयोग होता. दुरुस्त करता येणारी, हलवता येणारी आणि अनेक कामांची अशी ही वस्तू स्थानिक हवामानाच्या दीर्घ अनुभवातून घडलेली होती.

लाकूड, जंगल आणि कायदा

उघड्यावरील वापरासाठी सागवानाला पर्याय नाही, ही जाण सुतारांना पूर्वापार होती. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलाचा अंश असल्याने त्याला वाळवी व बुरशी सहजासहजी लागत नाही आणि ऊन-पावसाच्या फेऱ्यात ते फारसे वाकत नाही. नाशिकला हे लाकूड पेठ, सुरगाणा आणि त्यापलीकडील डांगच्या जंगलांच्या रूपाने जवळच उपलब्ध होते. तथापि डांगच्या राजांकडून ब्रिटिशांनी १८४०च्या दशकात जंगलाचे पट्टे घेतले ते प्रामुख्याने याच सागासाठी. पुढे १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलांची पद्धत दृढ झाली. गावातील सुतार आणि जंगलातील साग यांच्यामध्ये सरकार उभे राहिले. सागवान ही बाजारातून विकत घेण्याची महाग वस्तू बनली. सामान्यांच्या बाजेला बाभूळ आणि सागवानी आरामखुर्ची साहेबाच्या बंगल्याला, ही विभागणी केवळ आवडीनिवडीतून झाली नव्हती.

देवळाली आणि व्हरांड्याची खुर्ची

१८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वेमार्ग खुला झाला आणि मुंबई व नाशिक यांतील अंतर काही तासांवर आले. देवळालीच्या लष्करी छावणीमुळे या परिसरात बंगला ही नवी वास्तू रुजली. मायदेशी जाणाऱ्या जहाजाच्या प्रतीक्षेत गोरे सैनिक येथे दीर्घकाळ अडकून पडत. त्या कंटाळ्यातून व आजारपणातून वेड लागल्याचा अर्थ देणारा ‘डुलॅली’ हा इंग्रजी शब्द देवळालीच्या नावावरून तयार झाला. हवापालटासाठी येणाऱ्या मुंबईकरांनी, विशेषतः पारशी कुटुंबांनी, देवळालीला आरोग्यस्थानाचे रूप दिले.

बंगल्याच्या व्हरांड्यात लांब हातांची आरामखुर्ची, वेताची खुर्ची आणि घडीची कॅनव्हासची खुर्ची आली. या खुर्च्यांचे वैशिष्ट्य म्हणजे त्या एका माणसासाठी होत्या. ओट्यावर सरकून आणखी एकाला जागा देता येते. खुर्चीवर ते शक्य नसते. नाशिकच्या पठारावर वेत होत नाही, तो बाहेरून आणावा लागे. कोरड्या उन्हात तो ठिसूळ होई आणि पावसाळी दमटपणात त्यावर बुरशी चढे. तरीही ही खुर्ची टिकली, कारण ती प्रतिष्ठेची निशाणी होती. १९२५ साली स्थापन झालेल्या नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयासारख्या संस्थांमुळे नोकरदार वर्ग वाढला. वकील, डॉक्टर व अधिकारी यांच्या घरी व्हरांड्यातील खुर्ची हा सुशिक्षितपणाचा पुरावा ठरू लागला.

बसण्याचा अधिकार

घराबाहेरील बैठक मोकळी असली तरी ती सर्वांना खुली नव्हती. कोणी ओसरीवर बसावे, कोणी ओट्याच्या पायरीवर आणि कोणी अंगणात उभे राहावे, हे जात, वय व लिंग यांवरून ठरलेले असे. पुढील दारचा ओटा पुरुषांचा, तर स्त्रियांचे निवडणे-टिपणे व गप्पा मागील दारी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला अंगणाच्याही कडेला थांबावे लागे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाड यांच्या संघटनकौशल्यावर काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो याच शहरात. तो प्रश्न मंदिरप्रवेशापुरता नव्हता. सामायिक जागेत माणूस म्हणून उभे राहण्याचा व बसण्याचा तो प्रश्न होता. मंदिराच्या दारातील भेद आणि घराच्या ओट्यावरील भेद ही एकाच व्यवस्थेची दोन रूपे होती. म्हणून ओट्याच्या संस्कृतीचे केवळ गोड स्मरण करणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही.

स्वातंत्र्योत्तर परिवर्तन

सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना आणि सिडकोच्या गृहयोजना यांमुळे नाशिकचा विस्तार झाला. लहान घरांच्या पुढील चार हात जागेत लोखंडी नळीची घडीची खुर्ची आली. तिचे सांधे पावसाने गंजत आणि दरवर्षी रंग द्यावा लागे. १९९१ नंतरच्या काळात साच्यातून एकसंध निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीने सर्व चित्र बदलले. स्वस्त, हलकी, एकावर एक रचता येणारी आणि पाण्याने न बिघडणारी ही खुर्ची बंगल्यापासून मळ्यातल्या घरापर्यंत पोहोचली. साहेबाची आणि गड्याची खुर्ची प्रथमच एकसारखी झाली, हे तिचे सामाजिक मोल नाकारता येत नाही. मात्र उन्हातील अतिनील किरणांनी तिचे प्लॅस्टिक ठिसूळ होते. पाय मोडला की बाजेसारखी तिची डागडुजी करता येत नाही. ती फेकून द्यावी लागते.

दरम्यान रस्तारुंदीकरण आणि वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमुळे ओटे नाहीसे होत गेले. तळमजल्यावर वाहनतळ आला. इमारतीतील वृद्ध मंडळी आज त्याच वाहनतळात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बसतात. ओट्याची गरज संपली नाही, फक्त ओटा संपला, असेच यावरून म्हणावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, घराबाहेरील बैठकीचा टिकाऊपणा वस्तूच्या किमतीपेक्षा हवामानाशी असलेल्या तिच्या मेळावर अवलंबून राहिला आहे. घाटमाथ्यावर योग्य ठरणारी वस्तू येवल्याच्या उन्हात योग्य ठरेलच असे नाही. दुसरी, दुरुस्तीची सोय हा जुन्या निवडीचा मुख्य निकष होता; तो सुटल्याने सुतार व वीणकाम करणारे कारागीर आणि ग्राहक यांचा संबंध तुटला. तिसरी व अधिक महत्त्वाची, घराबाहेर मांडलेली प्रत्येक बैठक कोणाला बसवायचे आणि कोणाला नाही, याचा निर्णयही व्यक्त करते. ओट्याने माणसे एकत्र आणली, परंतु सर्वांना नाही. खुर्ची विकत घेता येणाऱ्या कोणालाही मिळाली, परंतु तिने माणसाला एकटे बसवले. आजच्या नाशिककराने अंगणासाठी किंवा गच्चीसाठी आसन निवडताना लाकूड, लोखंड की प्लॅस्टिक हा प्रश्न अवश्य विचारावा. त्याबरोबरच तेथे शेजारी येऊन टेकेल एवढी जागा उरते का, हेही पाहावे. ओट्याच्या इतिहासातून घेण्यासारखा आणि त्यातील भेद वगळून जपण्यासारखा वारसा हाच आहे.