ग्रोझेट : गहू, गूजबेरी आणि रानपाला

ग्रोझेट ही स्कॉटिश बिअर ग्लासात ओतली की फिकट सोनेरी आणि जराशी गढूळ दिसते. पहिल्या घोटाला गव्हाचा मऊपणा जाणवतो, पाठोपाठ गूजबेरीचा आंबटपणा येतो आणि पांढऱ्या वाइनची आठवण होते. तो ओसरला की रानपाल्याचा किंचित कडवट दरवळ मागे उरतो. हॉप्सचा कडूपणा मात्र जेमतेमच. ही चव कुठून आली, हे कळण्यासाठी स्कॉटलंडच्या हवेकडे पाहावं लागतं.

बिअरला एरवी कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेलीला तिथली थंडी मानवत नाही. त्यामुळे कडूपणा आणि सुवास यांसाठी तिथल्या लोकांनी आसपासच्या रानावर भिस्त ठेवली: माळावरच्या हीदरचे शेंडे, दलदलीतलं बॉग मर्टल, ओढ्याकाठचं मेडोस्वीट. रम बेटावर किनलॉक इथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीची खापरं सापडली. त्यांना चिकटलेल्या थरात धान्य, हीदर आणि मेडोस्वीट यांचे परागकण मिळाले. हे आंबवलेल्या पेयाचे अवशेष असावेत, असा अर्थ संशोधकांनी लावला. पराग वाऱ्यानेही येतात, त्यामुळे हा पुरावा पक्का म्हणता येणार नाही. पण तेच मेडोस्वीट आजच्या ग्रोझेटमध्येही पडतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दंतकथा सांगते की हीदरच्या बिअरची कृती स्कॉटलंडच्या जुन्या पिक्ट जमातीतल्या शेवटच्या माणसाबरोबर लयाला गेली; स्कॉटिश लेखक स्टीव्हन्सनने १८९० साली त्यावर कविताही लिहिली. प्रत्यक्षात १९८०च्या दशकात ग्लासगोत, घरी बिअर बनवण्याचं सामान विकणाऱ्या ब्रूस विल्यम्स यांच्या दुकानात एक बाई आल्या. त्यांच्याकडे गेलिक भाषेतली जुनी घरगुती कृती होती. त्या कृतीवरून 'फ्राओख' ही हीदरची बिअर तयार झाली. पुढे ब्रूस आणि त्यांचे भाऊ स्कॉट यांनी स्प्रूसचे कोंब, एल्डरबेरी, एवढंच काय समुद्रशेवाळही वापरून पाहिलं. ग्रोझेट याच घरातली.

तिच्यात बार्लीच्या माल्टबरोबर गहू असतो. गव्हाला बार्लीसारखं टरफल नसतं. गाळताना टरफलांचाच थर चाळणीचं काम करतो; नुसता गहू घेतला तर चिकट लगदा होऊन रस खाली उतरत नाही. म्हणून बार्लीची साथ हवीच. गव्हातल्या प्रथिनांमुळे मात्र फेस दाट येतो आणि टिकतो, गढूळपणाही त्यांचाच. बॉग मर्टल, मेडोस्वीट आणि थोडे हॉप्स घालून बिअर एकदा आंबली की मग गूजबेरी पडते. यीस्ट फळातली साखर खाऊन टाकतं आणि आम्ल मागे ठेवतं. म्हणूनच फळाची असूनही ही बिअर सरबतासारखी गोड लागत नाही.

ही गूजबेरी म्हणजे आपला रायआवळा नव्हे, रसभरीही नव्हे. हे काटेरी झुडपावरचं, थंड हवेत खुलणारं फळ स्कॉट लोकांच्या परसात इतकं रुळलेलं, की स्कॉटिश कवी बर्न्सच्या उवेवरच्या कवितेतही गूजबेरीसाठी 'ग्रोझेट' हाच शब्द येतो.

या बिअरला 'प्राचीन' म्हणणं मला पटत नाही. तिच्यातला रानपाला जुना आहे, पण गव्हाशी आणि फळाशी त्याची सांगड विल्यम्स बंधूंनी घातली, आणि श्रेय त्यांनाच द्यायला हवं. ती फार गार करून पिऊ नये, सुवास दबतो. सोबत भाजलेला बांगडा असावा. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये त्याच कुळातल्या तेलकट माशाबरोबर गूजबेरीची आंबट चटणी पूर्वीपासून खातात. इथे ते काम बिअरच करते.