दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

मोडी कागद टिपण्यासाठी वापरत असलेला माझा छोटा डिजिटल कॅमेरा गेल्या पावसाळ्यात बंद पडला. भिंग अर्ध्यावर येऊन अडते. कारागीर म्हणाला, "काका, दुरुस्तीपेक्षा नवा घ्या." पण नवा म्हणजे कोणता? २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० साली एक कोटीही नाहीत. माझ्या जातीचे छोटे कॅमेरे तर मोबाइलने गिळलेच.

रिळाच्या कॅमेऱ्यात रीळ दर खेपेस नवे, यंत्र तेच. डिजिटलमध्ये रिळाची जागा संवेदकाने घेतली आणि तो यंत्रातच कायमचा बसला. तो गेला की कॅमेरा गेला, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. २००५ साली सोनीने बनवलेले काही संवेदक उष्ण-दमट हवेत बिघडू लागल्याचे उघड झाले, तेव्हा ते वापरणाऱ्या कॅनन, निकॉन यांसारख्या कंपन्यांनी कॅमेरे फुकट दुरुस्त करून दिले. म्हणजे दुरुस्ती जमत होती. खर्च कोणी सोसायचा, एवढाच प्रश्न होता. माझ्या कॅमेऱ्याचा तर संवेदक शाबूत होता!

शेवटी जुन्या बाजारात त्याच मॉडेलचा, स्क्रीन फुटलेला कॅमेरा मिळाला. कारागिराने कुरकुरत त्याचे भिंग माझ्या कॅमेऱ्याला बसवले. दोन रुमाल टिपायचे राहिलेत, आणि एकाला वाळवी लागली आहे.