टोपी, ऐरण आणि एक छिद्र

टरेट प्रेस म्हणजे फिरत्या माथ्याचं दाबयंत्र. माथ्यात साचे एकदा नीट बसवले, की माथा फिरवत कामं उरकायची: वापरलेली टोपी काढणं, पुंगळी मापात आणणं, शेवटी नवी गोळी बसवणं. अमेरिकेतले नेमबाज हे घरीच करतात. तिथेच का? आपण लगेच तिथल्या बंदुकांच्या वेडाकडे बोट दाखवतो. ते आहेच, पण आज आपण पितळाकडे बघू.

१८६६ साली दोन टोप्यांची पेटंटं निघाली. टोपीतला मसाला ज्यावर चिरडून पेटतो ती ऐरण अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी पुंगळीच्या बुडातच घडवली. ठिणगीची बारीक छिद्रं तिच्या बाजूला. इंग्रज कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीत घातली, म्हणून बुडाला मधोमध एकच छिद्र उरलं. गंमत बघा, पुढे अमेरिकेत इंग्रजाची टोपी रुजली आणि युरोपातल्या बहुतेक सैन्यांत अमेरिकनाची!

प्रेसच्या साच्यातली सुई त्या मधल्या छिद्रातून सरळ उतरते आणि टोपी ढकलून देते. बर्डनच्या पुंगळीत मात्र ती ऐरणीवर आपटते, वाकते किंवा मोडते. टोपी काढायला वेगळं हत्यार लागतं. एवढी खटपट कोण करणार? पुंगळी भंगारात जायची.