पोस्त आणि बलुतं

दिवाळीत मोलकरणीला आपण पोस्त देतो ते खुशीनं. जुन्या गावगाड्यात मात्र खळ्यावर रास पडली, की सुतार, लोहार, न्हावी, परीट आपापलं बलुतं मागून नेत; ती बक्षिसी नव्हे, हक्क. पण माप घालणार कुणबी! आणि महारांना तर त्याच हक्कापायी सरकारचं नि गावाचं काम, रात्रीअपरात्रीसुद्धा. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनकायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. बलुत्याऐवजी रोख मोबदला हवा, हे त्यातलं एक मागणं. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. तेव्हा आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईचं पोस्तावर भागवू नका. आधी पगार नीट ठरवा. आणि सरकारी नोकराला कामापायी ‘खुशी’ दिलीत, तर १९८८च्या कायद्यानं ती लाच.