पत्र पोचले, अक्षरे हरवली

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावाचे नाव संगणकावर लिहून ई-मेलने पाठवायचे आहे, असे समजू. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ सालच्या ‘इस्की’ संकेतावलीत ‘क’चा क्रमांक १७९ आहे. तो लिहायला आठ बिट लागतात. परंतु ई-मेलची १९८२ सालची नियमावली सात बिटांच्या इंग्रजी चिन्हांपुरतीच होती. वाटेतल्या एखाद्या संगणकाने आठवा बिट गाळला, की १७९ मधून १२८ वजा होऊन ५१ उरत. ५१ म्हणजे इंग्रजी ३ हा अंक. ‘क’च्या जागी ३!

यावर उपाय म्हणून १९९२ साली ‘माइम’ ही पद्धत आली. तीत जोडलेल्या फाइलच्या दर २४ बिटांचे सहा-सहाचे चार गट पाडून प्रत्येकाला एक साधे इंग्रजी चिन्ह देतात. फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, पण शाबूत पोचते.

तरीही ती वाचता येईलच असे नाही. मराठीचे अनेक जुने फॉन्ट आपापले क्रमांक वापरत. तो फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडने १९९१ मध्ये ‘क’ला २३२५ हा एकच क्रमांक दिला, प्रसाराला मात्र पुढे बरीच वर्षे लागली.

म्हणून शाळेतल्या जुन्या फाइली ‘खराब’ समजून टाकू नयेत. क्रमांक शाबूत असतील तर संकेतावली ओळखून मजकूर परत मिळवता येतो. आठवा बिटच गळला असेल, तर समोरचा ३ मुळात ‘क’ होता की तीनच, हे सांगणे कठीण.