मोजणीची साखळी का वाढते?

हिंगणघाट म्हटले की कापसाची बाजारपेठ डोळ्यांपुढे येते. पण वर्धा जिल्ह्यातल्या याच गावी २० जानेवारी १८२३ रोजी एका मोठ्या मोजणीदाराचा अंत झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव कर्नल विल्यम लॅम्बटन. मद्रासेपासून मोजीत मोजीत तो उत्तरेकडे सरकला होता. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना वाटेत तो वारला आणि हिंगणघाटलाच त्याला पुरले.

हे काम १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुरू झाले. साडेसात मैलांची एक सरळ रेघ साखळीने मोजायची, तिच्यावर त्रिकोण रचायचे आणि पुढची अंतरे कोन घेऊन गणिताने काढायची, अशी ही रीत. म्हणजे पहिली रेघ चुकली की पुढचे सारे त्रिकोण चुकलेच! साखळी होती १०० फुटांची, पोलादी, अडीच-अडीच फुटांच्या ४० कड्यांची. ती लाकडी पेट्यांत ठेवून ताणीत, वर तंबूची सावली धरीत, शेजारी उष्णतामापक ठेवीत. कारण उन्हाने लोखंड वाढते. शिवाय लॅम्बटनने दुसरी एक साखळी राखून ठेवली होती. वापरातली साखळी तिच्याशी ताडून पाहायची. कशासाठी? तर साखळी वापरानेही वाढते म्हणून.

तुम्ही म्हणाल, लोखंड म्हणजे काय रबर आहे वाढायला? खरे आहे. कडी सहसा ताणली जात नाही. ती झिजते, आणि झिजते कुठे, तर सांध्यात. दोन कड्या जिथे एकमेकींत अडकतात तिथे धातू धातूवर घासतो. बारीक माती मध्ये शिरली की ती कानशीचेच काम करते. सांधा जितका झिजला तितक्या कड्या एकमेकींपासून दूर सरकतात. सायकलची चेन सैल पडते ती यामुळेच, आणि लाकूड कापणाऱ्या यंत्रकरवतीची चेन लांबते तीही बहुतांशी यामुळेच.

आता आपल्या शेताकडे येऊ. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास काढलेली साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. अशा १० चौरस साखळ्यांचा एक एकर. तिच्या दोन कड्यांमध्ये बहुधा तीन लहान वळी असत. म्हणजे एका जोडात घासणाऱ्या बाजू आठ, सबंध साखळीत सुमारे ८००. प्रत्येक बाजू इंचाचा फक्त शंभरावा भाग झिजली, तरी साखळी ८ इंचांनी वाढली! डोळ्यांना काहीच दिसत नाही, बरे का.

पण वाढलेली साखळी शेतात कमी वेळा पडते आणि शेत कागदावर लहान होते. खरोखरीचे १० एकर असतील तर ९ एकर ३२ गुंठेच भरतात. आठ गुंठे गेले कुठे? सारा भरताना हे गोड वाटेल. पण तेच शेत विकायला काढले तर? आणि तुमचे शेत जुन्या साखळीने व शेजाऱ्याचे नव्या साखळीने मोजले गेले असेल, तर धुऱ्यावर भांडण ठरलेलेच. उलट, कडी वाकली किंवा सांध्यात काळी चिकणमाती बसली की साखळी आखूड होते आणि शेत कागदावर फुगते. म्हणून जाणता मोजणीदार दोन पक्क्या खुणांमध्ये साखळी ताणून पाही आणि मगच शेतात पाऊल टाकी.

लॅम्बटनमागून आलेल्या एव्हरेस्टने पायारेघेसाठी साखळी सोडली आणि १८३१-३२ मध्ये कलकत्त्याजवळची रेघ लोखंड व पितळेच्या जोडदांड्यांनी मोजली. आज शेताची मोजणी इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी आणि उपग्रहांच्या साहाय्याने होते. तरी जुने नकाशे पुष्कळसे साखळीचेच आहेत, हे हद्दीवरून तंटा करण्यापूर्वी आठवावे.

शिक्षकांनी हा पाठ वर्गातच दाखवावा. सायकलची नवी चेन घ्या; तिचे २४ सांधे बरोबर १२ इंच भरतात. मग जुन्या चेनचे २४ सांधे मोजा. जी वाढ दिसेल ती झीज होय. मापालाही अधूनमधून मापावे लागते, हे मुलांना त्यातून आपोआप कळेल.