भाड्याच्या घरातील जुन्या खिडक्या: दुरुस्ती की बदल?

पावसाळा तोंडावर आला की भाड्याच्या घरातील जुन्या खिडक्यांचा प्रश्न हमखास पुढे येतो. भाडेकरूला खिडकी नवी हवी असते, घरमालकाला खर्च नको असतो. निर्णयापूर्वी खिडकीची खरी अवस्था आणि खर्चाची कायदेशीर जबाबदारी, या दोन्ही गोष्टी तपासणे हिताचे ठरते.

आधी तपासणी

मुंबई-पुण्यातील जुन्या चाळी व वाड्यांत सागवानी खिडक्या सर्रास आढळतात. सागवान टिकाऊ असते. आधी निकामी होतात त्या बिजागऱ्या, कड्या आणि तावदानाभोवतीची लांबी. हे सारे सुतार अल्प खर्चात बदलू शकतो. पावसाळ्यात लाकूड फुगते. म्हणून अडकणारी झडप लगेच रंधू नये, उन्हाळ्यात ती सैल पडते.

चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेल्यास कूज किंवा वाळवी समजावी. तेवढ्याच भागाला नवा तुकडा सांधता येतो. मात्र कूज उभ्या बाजूंपर्यंत पोहोचली असल्यास चौकट बदलणेच योग्य. पाणी अनेकदा चौकट व भिंत यांमधील फटीतून किंवा छज्जाच्या तड्यातून झिरपते. ती वाट न बुजवता नवी खिडकी बसवली, तरी ओल कायम राहते.

नव्या खिडकीची बाजू

अ‍ॅल्युमिनियमला वाळवी लागत नाही आणि ते पाण्याने फुगतही नाही. परंतु दोन झडपांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. एकच खिडकी असलेल्या खोलीत ही उणीव मोठी ठरते.

खर्च कोणाचा?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात ही वजावट वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. दरमहा १,००० रुपये भाडे असल्यास ही मर्यादा ३,००० रुपये होते. जुन्या पागडीच्या घरांत भाडे नाममात्र असल्याने एवढ्यात दुरुस्ती कशीबशी भागते, नवी खिडकी नव्हे. केवळ शोभेसाठी केलेला बदल दुरुस्तीत गणला जाईल, असेही गृहीत धरू नये. ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीत मात्र करारातील अटीच निर्णायक असतात.

घरमालकाच्या लेखी संमतीविना केलेले कायमस्वरूपी बांधकाम हे जागा खाली करून घेण्याचे कारण ठरू शकते. वायुविजनासाठी आवश्यक खिडकी काढणे कलम १६ ने त्यातून वगळले आहे. तरी आवश्यक तेथे पालिकेची परवानगी लागतेच. सोसायटीच्या इमारतीत दर्शनी भाग बदलण्यापूर्वी सोसायटीची मंजुरीही घ्यावी.

म्हणून आधी छायाचित्रे, मग लेखी पत्र, त्यानंतर सुतार, हाच क्रम दोन्ही पक्षांना तंट्यापासून दूर ठेवतो.